आधी गोठ्यात जा

नमस्कार मंडळी, आज घरातलीच गोष्ट सांगते.

वडील ऐन काढणीत शेडवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आई त्यांच्यासोबत दवाखान्यात, आणि घरी मी एकटी, सोयाबीन वाळून उभं, गोठ्यात दोन दुभत्या गाई. फोन दिवसभर सुरूच होते, "काही लागलं तर सांग हं". मनापासूनच म्हणायचे सगळे, पण खरं सांगू का, त्या वेळेला काय लागतंय हेच सुचत नाही हो, डोकं बधिर झालेलं असतं आणि मागायचा संकोच वाटतो तो वेगळाच.

शेजारचे काका मात्र काही न विचारता संध्याकाळी थेट गोठ्यात आले. घरात काय झालंय ते गाईला काय ठाऊक, तिची १२ तासांनी धार काढावीच लागते, दूध कासेत तसंच राहिलं तर कास दगडासारखी होते, मस्टायटिस म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार होऊ शकतो. पण नवीन माणूस दिसला की गाय बिथरते, पान्हा चोरते. काकांना हात लावू देईना, एक लाथ पण मारली. मग त्यांनी खुंटीवरचा वडिलांचा जुना शर्ट अंगात चढवला, घामाचा, शेणाचा वास असलेला तसाच, आणि गप तिची मान खाजवत उभे राहिले. दहा मिनिटं गेली असतील. पहिली धार बादलीत वाजली तेव्हा मी दारात बसून रडले, त्या दिवसात पहिल्यांदाच.

सोयाबीनचं पण तसंच, शेंगा पार वाळल्या की थांबत नाहीत, तडकतात आणि दाणे मातीत. तिसऱ्या दिवशी सात-आठ जण आले, स्वतःचं रान उभं असताना! मळणी झाल्यावर एकाने दाणा दाताखाली धरला, ओला आहे म्हणाला, पोती भरूच दिली नाहीत, साठवायला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. दोन दिवस पसरून वाळवलं, नाहीतर पोत्यातच तापून बुरशी आली असती.

आणि पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, पण मांडीचं हाड जुळायला तीन-चार महिने जातात. काका तेवढे महिने येत होते, दोन्ही वेळा.

तुम्ही आज रात्रीच एक कागद घ्या, कुठली गाय किती खाते, कुठली लाथ मारते, मोटार कशी चालू करायची, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, सगळं लिहून गोठ्यात अडकवा. आमच्याकडे तो कागद नव्हता, काका विचारायचे आणि मला निम्मं माहीतच नसायचं.