सीएनआय म्हणजे नेमकं कोण हो?

सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. मला विषय दिलाय 'आजचं चर्च', पण तेवढं मोठं मी काय बोलणार, मी आपला सोलापुरातल्या एका मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, पंच (कमिटी मेंबर), तेव्हा आमचं प्रोटेस्टंट चर्च, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय, एवढ्यावरच बोलतो. लोक पहिलं हेच विचारतात की सोलापूर उत्तरेत कधी गेलं? तर दक्षिणेतल्यांनी १९४७ लाच एकत्र येऊन सीएसआय, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडिया, केलं, बाकीच्या भारताला जरा उशीर झाला, म्हणून आम्ही उत्तरवाले.

जरा म्हणजे किती, तर बोलणी सुरू झाली १९२९ ला आणि एकी झाली नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला. एक्केचाळीस वर्षं मीटिंगा! एकत्र आले ते हे प्रोटेस्टंट पंथ: अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले), बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथडिस्ट, आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ज्यात आमची जुनी अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे महाराष्ट्रात आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेची, मंडळी होती. अमेरिकन वळणाचं मोठं मेथडिस्ट चर्च मात्र शेवटच्या क्षणी मागं फिरलं, ते आजही वेगळंच.

अडत कुठं होतं ते सांगतो, कारण त्यातच खरी गंमत आहे. आमच्या मिशनची रीत अशी की मंडळीनं बसून ठरवायचं, वर साहेब नको. अँग्लिकनांचं चर्च बिशपशिवाय हलतच नाही. मग बिशप आले पण पंचकमिटीही राहिली, आणि दोघांचं जमतं का तर कधी जमतं कधी नाही, मी कमिटीत आहे म्हणून जास्त बोलत नाही. बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती दीक्षा देण्याचं, त्याहून अवघड. कुणी म्हणे बाळाला द्या, कुणी म्हणे मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करू दे मग द्या. सीएनआयनं दोन्ही चालतील म्हटलं, आईबाप ठरवतील, फक्त एकदा झालेला परत नाही. मला हा मोठेपणा वाटतो, घोटाळा नाही.

आता सेवेचं. जुन्या मिशनचं नाव काढलं की शाळा आठवतात, पण सोलापूरकरांनी सेटलमेंटही आठवावी. इंग्रज सरकारनं ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं त्यांची इथली वसाहत मिशननं चालवली. तिथं शिक्षण दिलं हे खरं, पण माणसं तारेच्या आत होती हेही खरं, तो कायदा १९५२ ला गेला, आणि आपण ख्रिस्ती लोकांनी फक्त पहिलंच सांगत बसू नये असं माझं मत आहे.

आजची सेवा बारीक आहे. सिव्हिलमध्ये कुणी ॲडमिट असेल तर जाऊन प्रार्थना, मयत झाली की कबरस्तानाची व्यवस्था, महिला मंडळाचं घरोघर फिरणं, संडेस्कूल. पोरं शिकली की पुण्याला जातात मग क्वायरमध्ये उरतात त्यांचे आईबाप. तरुणांना गिटार-कीबोर्ड पाहिजे, जुन्यांना पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं. टिळक जाऊन शंभर वर्षं उलटली तरी त्यांचं पद लागलं की म्हाताऱ्या पुस्तक न उघडता गातात, तिथं गिटारवाल्यांचं काही चालत नाही.

शेवटी मघाशी चिठ्ठी आली होती, "पैसा अमेरिकेतून येतो का?" हंगामाच्या सणाला या म्हणजे कळेल. लोक ज्वारी, कोंबडी, नारळ, केक, काय जमेल ते आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकच भोपळा तिघं घेतात, प्रत्येक जण पैसे भरून परत टेबलावर ठेवतो, आणि बाजारात तीस-चाळीसला मिळणाऱ्या भोपळ्याचे आमच्याकडं हजारावर जातात. पाळकांचा पगार आणि लाईटबिलाची जुळणी अशीच चालते. पुढची चिठ्ठी द्या.