मुले लहान असताना पुन्हा महाविद्यालयात

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण प्रवेशअर्ज भरण्याच्या विचारात आहेत आणि बहुतेकांच्या घरी अजून शाळेतही न जाणारी मुले आहेत, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. शिक्षणाचे महत्त्व आपल्याला पटलेले आहे, म्हणूनच आपण इथे आला आहात; तेव्हा त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचे आहे ते वेळेबद्दल, कारण माझ्या पाहण्यात अशा विद्यार्थ्यांचे शिक्षण सुटते ते बुद्धी कमी पडली म्हणून क्वचितच. बहुतेकदा ते सुटते घरात वेळेचा हिशेब आधी झालेला नसतो म्हणून.

हा हिशेब किती मोठा असतो ते पाहा. युरोपातील विद्यापीठांच्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे मानतात आणि त्यासाठी विद्यार्थ्याने साधारण १५०० ते १८०० तास काम करावे, असे गृहीत धरतात. त्यात तासिका, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी असे सगळे आले. चाळीस आठवड्यांत ते विभागले, तर आठवड्याला सदतीस ते पंचेचाळीस तास होतात, म्हणजे एक पूर्ण नोकरीच. निम्मे श्रेयांक घेतले तरी अठरा ते बावीस तास उरतातच. अर्जावर सही करण्याआधी हे तास आठवड्याच्या कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी बसणार आहेत, ते कागदावर मांडून पाहावे, आणि ते बसत नसतील तर विषय कमी घ्यावेत. पदवी दोन वर्षे उशिरा मिळाली तर फारसे बिघडत नाही.

मात्र नुसती तासांची बेरीज करूनही भागत नाही, कारण लहान मुलांच्या घरात मिळणारा वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो आणि सगळे तुकडे एकाच कामाचे नसतात. दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यात नवा सिद्धांत डोक्यात शिरत नाही, पण आधी वाचलेले आठवून पाहणे फार चांगले होते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांत विभागलेली उजळणी कमी श्रमांत टिकते, हे त्यांत दिसले. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. म्हणून मूल अंघोळीच्या टबात खेळत असेल, तेव्हा त्याच्यावरची नजर न हटवता कालच्या प्रकरणातले तीन मुद्दे मनातल्या मनात मांडून पाहणे, हा खराखुरा अभ्यास आहे, आणि त्याला कमी लेखू नये.

निबंध लिहिणे, गणिताची नवी पद्धत समजून घेणे, अवघड लेख पहिल्यांदा वाचणे यांसाठी मात्र सलग वेळच लागतो. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या संशोधनाने दाखवले. मूल झोपलेले असताना मिळणारा वेळ सलग वाटतो, पण कान पाळण्याकडे लागलेले असतात आणि तो कोणत्या क्षणी संपेल याचा भरवसा नसतो. खरा सलग वेळ मिळतो तो घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने मुलांची पूर्ण जबाबदारी घेतली तरच. ‘पूर्ण’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो आहे. दार लोटून कोणी अभ्यासाला बसले आणि दर वीस मिनिटांनी ‘तापाचं औषध कुठे ठेवलंय?’, ‘हिचे मोजे कोणते?’ असे विचारले जाऊ लागले, तर ते दार लोटून उपयोग काय? औषध कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे, ही मला अभ्यासाची पूर्वतयारीच वाटते. वडील शिकत असतील तर मुलांना सहसा दारापासून दूर नेले जाते. आई शिकत असेल तर तिलाच हाक जाते. हे अन्यायाचे आहे, आणि पतिपत्नींनी पहिली तासिका होण्याआधीच त्याबद्दल स्पष्ट बोलून घ्यावे. ज्याने आठवडाभर वेळ दिला त्यालाही आपला वेळ ठरल्याप्रमाणे परत मिळायला हवा.

झोपेतून वेळ काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. दिवसभरात शिकलेले झोपेत पक्के होते, त्यामुळे रोज रात्री जागून अभ्यास करणारा एका हाताने मिळवतो आणि दुसऱ्या हाताने गमावतो. तान्ह्या मुलाच्या आईवडिलांची झोप आधीच तुटलेली असते; त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

आता संस्थेबद्दल. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ पासून नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि टपालाने पाठवलेले साहित्य यांच्या आधारे तिथे शिकवणे सुरू झाले. विद्यार्थ्याच्या घरातील वेळेशी संस्थाही जुळवून घेऊ शकते, हे त्यातून दिसले. म्हणून प्रवेशाच्या वेळी संकोच न करता विचारावे: हजेरीची अट किती आहे, व्याख्याने ध्वनिमुद्रित होतात का, गटाने करायचे प्रकल्प कोणत्या वेळी होतात, मूल आजारी पडले तर मुदत वाढवून मिळते का. शिक्षकांनाही आपली परिस्थिती सत्राच्या पहिल्या आठवड्यात सांगावी. निबंध देण्याच्या आदल्या रात्री सांगितलेली तीच गोष्ट सबब वाटते.

आणि एखादे सत्र खरोखरच झेपेनासे झाले, तर न सांगता वर्गात जाणे थांबवू नका. गैरहजेरीची नोंद होत राहते, शुल्क लागू होत राहते आणि परतताना सगळे निस्तरावे लागते. शिक्षणात खंड घेण्यासाठी रीतसर अर्ज करा, त्याची पोच घ्या, आणि मिळवलेले श्रेयांक किती काळ ग्राह्य राहतील, हे लेखी विचारून ठेवा.