सर्रा
(सारंगखेडा, दत्तजयंतीची यात्रा. पहाट. तापीवर धुकं.)

एकमुखी दत्ताची यात्रा भरली की इथं घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग भोवरा, मग चाल. जाणता म्हातारा मात्र घोड्याची खालची पापणी ओढतो. आतून गुलाबी दिसली तर पुढची बोलणी. पांढुरकी दिसली की विचारतो, "काय व्हयनं भो याले?"

येता-जाता ताप, पोटाखाली सूज, लटपटणारे मागचे पाय. चारा खाऊनही घोडं वाळत जातं. हा सर्रा. ट्रिपॅनोसोमा इव्हॅन्साय नावाचा एकपेशीय परजीवी घोडेमाशीच्या सोंडेवरून एका जनावराच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो आणि पुढे मज्जासंस्थाही गाठतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हॅन्स या पशुवैद्यानं आताच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खान इथं तो पहिल्यांदा पाहिला.

त्याच माश्या मोतद्दारालाही चावतात. त्याला सर्रा का होत नाही? माणसाच्या रक्तात एपीओएल-१ हे प्रथिन असतं. ते परजीवीच्या पोटात गेलं की तो फुगून फुटतो.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा ताप मात्र उतरायचा आणि पुन्हा चढायचा, असं पाच महिने चाललं. रक्तात सर्रा सापडला. भारतातली माणसातली ती पहिली नोंद. पुढे कळलं, त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात ते प्रथिन बाहेरून घातलं, तसे परजीवी मरू लागले.

शेतकरी बरा झाला सुरामिननं. हे औषध पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, कापड रंगवायच्या रंगांवरच्या प्रयोगांतून निघालेलं. ते मेंदूत पोचत नाही. शेतकऱ्याचा मेंदू रोगानं गाठला नव्हता, म्हणून निभावलं.

याच कुळातल्या परजीवीमुळे आफ्रिकेत निद्रारोग होतो. तो मेंदूत शिरला की आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉल टोचायचं. त्या औषधानंच शंभरातले सुमारे पाच रुग्ण दगावायचे. निद्रारोगावरच्या फेक्सिनिडाझोलच्या गोळ्यांना २०१८ साली हिरवा कंदील मिळाला. हा रेणू मात्र १९८० च्या दशकातच हाती होता, आणि बाजूला टाकलेला. त्या मधल्या वर्षांची चीड येते. अशी हेळसांड इथं तरी होऊ नये; घोड्याची चाल पारखणाऱ्या या बाजारात विक्रीआधी रक्तही तपासलं जावं, असं म्हणूनच पोटतिडकीनं वाटतं.

(जवळून: घोड्याचा कान, सुई, काचपट्टी.)

कानाच्या शिरेतून एक थेंब काचेवर. वर पातळ काच. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी शांत पडलेल्या, आणि त्यांच्यात काहीतरी वळवळतंय, पेशींना ढुशा देतंय. डॉक्टर सरकून जागा देतात. मालक फेटा मागे सारून डोळा लावतो. बराच वेळ बोलत नाही.

"हाई शे का ते?"