पॅटर्न माळ्यावरून मेलवर

मंडळी, थ्रीडी प्रिंटिंग म्हटलं की प्रदर्शनातला प्लास्टिकचा छोटा गणपती डोळ्यासमोर येतो. त्याला नमस्कार करून मी थेट आपल्या फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, माळ्यावर जातो.

कोल्हापूरजवळची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, माळा सगळीकडे सारखाच. सागवानी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नगाचा नमुना), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा करायची पेटी), त्यावर खडूनं लिहिलेली पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, नावं आणि पावसाळ्यात फुगलेलं लाकूड. नव्या जॉबचं ड्रॉइंग आलं की ते आधी पॅटर्नवाल्या मिस्त्रींकडे जायचं. मिस्त्री चांगले, म्हणून त्यांच्याकडे रांग. पाच नगांच्या ऑर्डरला ओतकामाचे दिवस दोन आणि पॅटर्नची वाट महिनाभर! आपली सप्लाय चेन तुंबते ती तिथं.

वाळूचा प्रिंटर हा बोळा काढतो. तंत्र काही कालचं नाही; अमेरिकेत एमआयटीतल्या इमॅन्युएल सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पाव ते अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा थर पसरायचा, ड्रॉइंगप्रमाणे हवं तिथंच रेझिन, म्हणजे वाळू धरून ठेवणारा चिकट द्रव, फवारायचं, की पुढचा थर. शेवटी सुटी वाळू झाडली की साचा तयार. पॅटर्न नाही, तो वाळूतून सुटावा म्हणून द्यायचा उतारही नाही.

मग सगळंच छापायचं का? हिशोबापुरते आकडे धरा. पॅटर्नला चाळीस हजार आणि पुढं प्रत्येक नग सहाशेला. छापलेल्या साच्यातून तोच नग पाच हजारांना. नऊ नगांपर्यंत छपाई स्वस्त, दहाव्यापासून पॅटर्न. छपाईत पहिल्या आणि शंभराव्या नगाचा भाव जवळपास तोच राहतो. त्यामुळे रोजच्या पाचशे नगांच्या जॉबला हात लावू नका. नमुने आणि जुन्या इंजिनांचे कुठंच न मिळणारे स्पेअर, ही त्याची जागा.

अशाच एका जुन्या ऑइल इंजिनाचा ब्रॅकेट आम्ही केला. ड्रॉइंग नव्हतं, म्हणून स्कॅन केला, साचा छापून आणला, ओतला. बसेना. स्कॅनरनं तीस वर्षांची झीजही इमानदारीनं उचलली होती, बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, अंडाकृती. वर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर आकसतं, ती वाढ द्यायला आमचा पोरगा विसरला. मिस्त्रींनी तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, "माझ्या पट्टीत ती वाढ आधीच धरलेली असती की." मशीन आलं तरी त्यांची गरज संपत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि वाट बघणंही संपत नाही, फक्त जागा बदलते. आम्ही ज्यांच्याकडून साचे छापून घेतो, त्यांच्या प्रिंटरचं हेड एकदा चोक झालं. नवीन हेड परदेशातून येईपर्यंत तीन आठवडे गेले. गल्लीतल्या मिस्त्रींना निदान चहा पाजून घाई करता येते!

आता जे फारसं कुणी बोलत नाही ते सांगतो. पॅटर्नचे पैसे पार्टीनं दिलेले, मालकी पार्टीची. पण तो आपल्या माळ्यावर होता, म्हणून पुढची ऑर्डरही आपल्याकडे होती. तो उचलायचा तर टेम्पो आणायचा, भाडं भरायचं, दुसऱ्या फौंड्रीत परत ट्रायल घ्यायची. रुपया-दोन रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करतो? फाइलला टेम्पो लागत नाही. रात्री मेल केली की सकाळी ती राजकोटच्या किंवा कोइमतूरच्या फौंड्रीत उघडलेली असते. तिकडच्या जॉबची फाइल तशीच आपल्याकडेही येऊ शकते, हे खरं. पण तेव्हा माळा कामाला येणार नाही. रिजेक्शन किती आणि माल वेळेवर गेला का, एवढंच बघितलं जाईल.

म्हणून स्कॅनचे पैसे कुणी द्यायचे, आणि आकुंचनाची वाढ, रायझरची (आकसताना जादा धातू पुरवणाऱ्या पोकळीची) जागा ही आपण घातलेली अक्कल फाइलबरोबर जाणार की नाही, हे पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, घेतानाच लिहून घ्या. नुसतं ड्रॉइंग पार्टीचं. ओतकामाची फाइल आपली. तोंडी ठरवलं की भांडण ठरलेलं.

मघाशी कुणीतरी विचारलं, जुन्या पॅटर्नचं काय करायचं? वाळवी लागायच्या आत स्कॅन करा, पण आधी व्हर्निअरनं मापं घेऊन वहीत उतरवा. माझ्या माळ्यावर दोनशेच्या वर आहेत. चाळीस झाले. बाकीच्यातल्या निम्म्यांवरचा खडू पुसलाय, आणि ते कुणाचे, हे आता फक्त मिस्त्रींना आठवतं. म्हणून दर रविवारी त्यांना स्कूटरवर घेऊन येतो.