नवी मोटारसायकल: आताच घ्यावी की एक पावसाळा जाऊ द्यावा?

नमस्कार श्रोतेहो.

चवथ जवळ आली की शोरूमच्या काचेआड नव्या रूपातली मोटारसायकल दिसू लागते आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते: आताच बुक करायची की थोडं थांबायचं? आमचं मत आधीच सांगतो. गाडीत नेमकं काय नवीन आहे हे कळल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका. आणि ज्या नव्या भागांवर पावसाचं पाणी उडतं, त्यांना गोव्यातला एक पावसाळा निघू द्या.

कधी फक्त रंग, पट्टे आणि हेडलाइटचा आकार बदललेला असतो. इंजिन, चासी (गाडीचा सांगाडा), वायरिंग सगळं जुनंच. अशी गाडी आज घेतली काय नि सहा महिन्यांनी घेतली काय, सारखंच. कधी मात्र गाडी वरून ओळखीची दिसते आणि आतून पूर्ण बदललेली असते. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० बघा. जुनं इंजिन ३४६ सीसीचं, नवं ३४९ सीसीचं. तीन सीसीचा फरक, म्हणजे किरकोळ सुधारणा असेल असं वाटतं. पण बोअर आणि स्ट्रोकचे आकडे पाहिले की खरं काय ते कळतं. जुन्या इंजिनाचे ७० आणि ९० मिलिमीटर, नव्याचे ७२ आणि ८५.८. सिलिंडरचा व्यास बदलला, पिस्टनची धावही बदलली. हे इंजिन मुळापासून नवीन आहे. कुठलीही गाडी बघायला जाल तेव्हा जुन्या आणि नव्या माहितीपत्रकातले हे दोन आकडे शेजारी ठेवा.

ही नवी क्लासिक १ सप्टेंबर २०२१ रोजी बाजारात आली. तिचं इंजिन मात्र नोव्हेंबर २०२० पासून मीटिऑर ३५० मध्ये धावत होतं, म्हणजे पहिल्या दिवशी गाडी घेणाऱ्यालाही दहा महिने रस्त्यावर वापरलं गेलेलं इंजिन मिळालं. तरीही २०२१ च्याच डिसेंबरात कंपनीने २६,३०० क्लासिक तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण होतं स्विंगआर्मवरचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं, ब्रेक रिअ‍ॅक्शन ब्रॅकेट. मागे ड्रम ब्रेक आणि सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक मारल्यावर फक्त पुढचं चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या मॉडेलमध्ये ब्रेक पेडलवर फार जोर पडल्यास ते खराब होऊन आवाज येण्याची, पुढे ब्रेकची पकड कमी होण्याची शक्यता आढळली होती. या गाड्या १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर या काळात बनलेल्या, म्हणजे अगदी पहिल्या. इंजिन मुरलेलं होतं, त्रास दिला तो एका लहानशा नव्या भागाने.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी मे महिन्यात इग्निशन कॉइलच्या दोषासाठी सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यांत नवी मीटिऑर होती, तशा जुन्या धाटणीच्या क्लासिक आणि बुलेटही होत्या. बाहेरून आलेल्या मालाची बॅच खराब निघाली की जुनं मॉडेलही सुटत नाही. म्हणून गाडी नवी असो वा जुनी, कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरवर चासी नंबर देऊन रिकॉल, म्हणजे गाडी परत बोलावणं, आहे का ते विचारा. रिकॉलचं काम फुकट करून मिळतं.

आता आपल्या गोव्याकडे वळू. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. किनाऱ्याला खारी हवा, फेरीबोटीवर खारे तुषार, आणि आत डिचोली-सांग्याकडे तांबडा चिखल. कंपनीने गाडी कितीही तपासली असली, तरी चार महिने रोज भिजणं ही वेगळीच परीक्षा असते.

आधी बिघडतात ते वायरिंगचे कपलर, म्हणजे तारा एकमेकींना जोडणारे खटके. आतल्या पितळी पिनांवर खारं पाणी बसलं की हिरवा थर चढतो आणि विजेला अडथळा होतो. बल्बला तो फारसा जाणवत नाही. पण इंजिनावरचे कित्येक सेन्सर पाच व्होल्टवर चालतात. तिथे थोडा अडथळा वाढला तरी ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) चुकीचा आकडा जातो, इंजिनाचा दिवा पेटतो, गाडी धक्के मारते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत कपलर वाळतो आणि गाडी पुन्हा नीट चालते, म्हणून हा दोष पटकन सापडत नाही. नव्या मॉडेलमध्ये कपलरची जागा बदललेली असेल, तर टाकीखाली आणि पुढच्या चाकाच्या मागे वाकून बघा. रबराचं टोपण नसेल, किंवा कपलर चाकाच्या चिखलाच्या रेषेत असेल, तर तिथे पाणी शिरणारच.

हेडलाइटचंही तसंच. दिवा तापला की कवचातली हवा बारीक नळीवाटे बाहेर जाते. वरून पावसाची सर आली की कवच एकदम गार होतं, हवा आकसते आणि ओलावा आत ओढला जातो. काचेवर आलेलं धुकं दिवा पेटवून गाडी चालवल्यावर निघून गेलं तर चिंता नको. पाण्याचे थेंब तळाशी साचून राहिले तर सील गेलंय. वॉरंटीत बदलून घ्या.

मागचा मडगार्डही पाहा. दिसायला छान म्हणून शेपूट आखूड केलेलं असतं, आणि सगळा चिखल शॉकअबसॉर्बरवर व मागे बसणाऱ्याच्या पाठीवर जातो.

मग सेल्समनला सोडून थेट स्पेअर पार्टच्या खिडकीवर जा. क्लच लिव्हर, इंडिकेटर, ब्रेक पॅड, पुढचा मडगार्ड, हेडलाइट असेंब्ली यांची किंमत विचारा आणि माल इथे आहे का तेही विचारा. गाडी पडली की याच वस्तू लागतात. 'मागवावं लागेल' असं सगळ्यांबद्दल ऐकू आलं तर थांबणं बरं. मोटारसायकल पायलटांनी, म्हणजे भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्यांनी, तर हे नक्की बघावं. तीस रुपयांच्या रबरासाठी गाडी आठवडाभर उभी राहिली तर आठवड्याची कमाई जाते.

टेस्ट राइड शोरूमभोवती एक फेरी मारून होत नाही. अर्धा तास तरी मागा. मागे माणूस बसवून पणजीच्या आल्तिन्होसारखा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढा. इंजिन तापल्यावर उभ्या गाडीत न्यूट्रल सहज पडतं का पाहा, पायाला आणि मांडीला किती धग लागते तेही बघा.

किमतीचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. नव्या रूपात इंजिन ३५० च्या वर गेलं असेल तर निव्वळ करामुळेच किंमत चढते. अशा वेळी जुन्या मॉडेलचा शिल्लक माल सवलतीत घेणं शहाणपणाचं, पण गाडी कुठल्या महिन्यात बनली ते आधी बघा, कारण आरसीवर तेच छापलं जातं आणि विकताना तेच मोजलं जातं. टायर कधी बनलं तेही बघा: त्यावरच्या तारखेच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे असतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर नवी मागा.

आणि ज्यांची जुनी गाडी आता चालतच नाही, त्यांनी पावसाळ्याची वाट पाहत बसू नये. फक्त बुकिंग परत मिळेल का, किती मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. पुढच्या चाकाच्या फोर्कच्या नळ्यांवर तेल गळलंय का, चेन पुस्तिकेत दिली आहे तेवढीच सैल आहे का ते पाहा. कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत येऊ न देणारं ग्रीस) भरायला पहिल्याच सर्व्हिसला सांगा. पुढे कुठलीही तक्रार असो, ती तोंडी सांगून येऊ नका. किती किलोमीटरला, पावसात की उन्हात, गार इंजिनावर की तापलेल्या, हे सगळं जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर) लिहायला लावा आणि त्याची प्रत घरी आणा. तोच दोष वॉरंटी संपल्यावर पुन्हा आला, तर पहिली तक्रार कधी केली होती याचा पुरावा त्या प्रतीतच असतो.