दहाची ओली नोट

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला विषय दिलाय तो धनाच्या लोभाचा, आणि गरिबाकडं पाठ फिरवणाऱ्या आपल्या समाजाचा. हा विषय खरं तर कीर्तनकारांचा. मी बेळगावच्या गल्ल्यांतनं एकवीस वर्षं पिग्मी गोळा केलेला माणूस. शहापूर, खासबाग, वडगाव, अनगोळ ही माझी लाईन. लोभ पाहिला तो सायकलवरनं पाहिला, आणि गरिबीही तिथनंच पाहिली. तेवढंच सांगतो.

पिग्मी म्हणजे रोज दारात येऊन उचलायची छोटी बचत, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण ती आली कुठनं? 1925 साली उडुपीत एक बँक निघाली, पुढं तिचंच नाव सिंडिकेट बँक झालं. हातमागवाले विणकर अडचणीत आले होते, त्यांना भांडवल मिळावं म्हणून ती निघाली. त्या बँकेनं 1928 मध्ये पिग्मी सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात यायचा आणि दोन आणे घेऊन जायचा. दोन आणे, श्रोतेहो. हातावर पोट असलेल्याकडं पैसा रात्रीपर्यंत टिकत नाही, म्हणून तो संध्याकाळीच उचलायचा, एवढी साधी त्यातली अक्कल. आणि इथनं गदगकडं गेलात तर कणगिनहाळ लागतं. तिथं 1905 सालीच सहकारी पतसंस्था उभी राहिली, शेतकरी सावकाराच्या तावडीतनं सुटावा म्हणून. म्हणजे पिग्मी निघाली विणकरांच्या बँकेतनं आणि पतसंस्था निघाली शेतकऱ्यासाठी. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी ज्या पतसंस्थेची पिग्मी गोळा करत होतो, तिचं नाव सांगत नाही, ती आता नाहीच. गोष्ट 2004 सालची. त्या वेळी सरकारी बँका मुदतठेवीवर पाच-सहा टक्के देत होत्या. आमची संस्था देत होती साडेचौदा. आणि पिग्मीवर? साडेतीन. वर्ष भरायच्या आत पैसे काढले तर तेही नाहीत, उलट कापून घ्यायचे. आता तुम्हीच हिशेब करा. ज्याच्याकडं आधीच लाखांनी आहे त्याला साडेचौदा, आणि जी बाई रोज दहा रुपये बाजूला काढते तिला साडेतीन. मोठ्याचं व्याज कुणाच्या जिवावर उभं होतं? सायकलवरनं मी जो पैसा नेत होतो, त्याच्याच. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. कमिशन मिळत होतं, म्हणून गप्प होतो.

गोळा झालेला पैसा कर्जानं जायचा प्लॉट पाडणाऱ्यांकडं. शहापूरचं शिवार ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगतो, भात पोटरीला आलं की वाऱ्यावर जो वास यायचा, तो मी सायकल थांबवून घेत असे. त्या काळ्या जमिनीत दगड रोवून प्लॉट पाडणं हे पाप आहे, असं माझं मत आहे आणि ते कुणी बदलू शकणार नाही. असो. विषयाकडं येतो.

खासबागची एक मावशी होती. नवऱ्याचा हातमाग बंद पडला, मग हिनं मंगल कार्यालयांत भांडी घासायचं काम धरलं. लग्नसराईत एकेका दिवशी हजार-हजार माणसांची पंगत. मांडवात कुंद्याची भांडी रिकामी होत असायची, आणि मागच्या बाजूला, चिखलात, दगडावर उकिडवं बसून या बायका काथ्यानं पातेली घासत असायच्या. ताटांत टाकून दिलेलं अन्न मी रोज बघायचो. जिलेबी अर्धी खाल्लेली, भाताचा ढीग तसाच. लग्नात अन्न टाकणाऱ्याला पुन्हा पंगतीला बसवू नये, असं मला वाटतं.

मी रात्री आठच्या सुमाराला मागच्या दारानं जायचो. मला बघितलं की मावशी हात पदराला पुसायची, कमरेची चंची सोडायची आणि दहाची नोट द्यायची. नोट नेहमी ओली. हात पुसून पुसून पुसणार किती? बोटांना भेगा पडलेल्या, त्या भेगांत राख बसलेली. ती नोट इतर नोटांत ठेवली तर चिकटायची, म्हणून मी तिच्यासाठी डायरीत एक जुना पुठ्ठा ठेवला होता. त्यावर नोट पसरायची, डायरी मिटायची, आणि घरी जाऊन वाळवायची. तिच्या पासबुकावर पाण्याचे गोल डाग पडलेले होते. पासबुक इंग्रजीत होतं. तिला ते वाचता येत नव्हतं. आपल्या या भागात भाषेवरून आपण किती भांडतो, पाट्यांवरून भांडतो, पण गरिबाच्या हातातलं पासबुक मराठीतही नाही आणि कन्नडातही नाही, याबद्दल कुणी कधी आवाज उठवलेला मी ऐकला नाही.

पैसे कशाला साठवता, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "कौलं बदलायची हायेत ओ. वासे बी कुजल्यात. पावसात पोरांना खाटंखाली झोपवाय लागतंय." आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे.

एका शनिवारी संध्याकाळी मी भरणा करायला संस्थेत गेलो. शिपाई मला जिन्यात गाठून म्हणाला, "तात्या, तुमचं काय असेल ते आत्ता काढा. सोमवारी दार उघडत नाही." आत केबिनमध्ये संचालकांच्या घरची माणसं बसली होती. नोटा मोजायचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. माझी एक्केचाळीस हजारांची ठेव होती. मी ती मोडली. पैसे पिशवीत घातले, पिशवी हँडलला अडकवली, आणि सायकल काढली.

आणि मग, श्रोतेहो, मी रोजच्यासारखा लाईनीवर गेलो.

का गेलो, हे मला आजही सांगता येत नाही. पाय सवयीनं गेले म्हणा. घरी बसलो तर लोकांना संशय येईल, अशीही भीती होती. आठ वाजता मी मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी होतो. मावशीनं हात पुसले, चंची सोडली, दहाची नोट दिली. मी ती घेतली. पुठ्ठ्यावर पसरली. पासबुकात दहा रुपये मांडले, सही केली. माझे एक्केचाळीस हजार हँडलला लोंबत होते, आणि मी तिचे दहा रुपये घेतले.

रविवार माझ्या सुट्टीचा. सोमवारी शटर बंद. मंगळवारी शटरसमोर गर्दी, बुधवारी पोलीस. मी घरातच, आतनं कडी लावून. गुरुवारी सकाळी कडी वाजली. बायकोनं दार उघडलं. दारात मावशी. खासबागेतनं चालत, घर विचारत विचारत आली होती. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घालाव्यात, असंही वाटलं.

ती म्हणाली, "बरं न्हाई काय ओ तुम्हाला? तीन दिवस आला न्हाईसा. म्हटलं, खाडा नको." आणि तिनं पासबुक माझ्या हातात दिलं, तीन नोटा पुढं केल्या.

नोटा कोरड्या होत्या. तीन दिवस घरी ठेवलेल्या ना.

तिला काहीच कळलेलं नव्हतं. पेपर वाचता येत नाही, लग्नसराई चालू, रात्री बारा-एकला घरी जायची. संस्थेचं नावसुद्धा तिला धड सांगता आलं नसतं. तिची पिग्मी म्हणजे मी. माझी सायकल, माझी डायरी. हे पुन्हा सांगतो, कारण माझं सगळं सांगणं यात आहे: गरीब माणूस संस्थेवर विश्वास ठेवत नाही, तो दारात येणाऱ्या माणसावर ठेवतो.

मी तिला सांगितलं, संस्था बंद पडली. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग त्या तीन नोटा माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मग हे तीस तुमच्याकडंच ऱ्हाऊ देत. उघडली की भरा."

माझी बायको हे सगळं चुलीपाशी ऐकत होती. ती काही बोलली नाही. जोंधळ्याचा डबा उघडला, आतनं माझी पिशवी काढली, पासबुक माझ्या हातातनं घेतलं, आकडा बघितला. आठ हजार सातशे चाळीस. माझ्यासमोर तेवढे मोजले आणि मावशीच्या पदरात घातले. म्हणाली, "हे तुमचेच हायेत मावशी. संस्थेनं आधीच काढून दिलेत."

मावशीनं पैसे पदरात बांधले, उठली, उंबऱ्यापाशी थांबली आणि विचारलं, "सगळ्यांचं दिल्यात काय ओ?"

माझ्या डायरीत एकशे बारा खाती होती. मी म्हणालो, "देतील."

दिले नाहीत. बाकीच्या एकशे अकरांना मीही देऊ शकलो नाही, तेवढी माझी ऐपत नव्हती. काहींनी मला गल्लीत गाठून बोल लावले, ते बरोबरच होते. पण पुढचं ऐका. ठेवीदारांची समिती झाली. बैठका झाल्या, निवेदनं गेली, पुढारी येऊन गेले. एका बैठकीत मी उठून विचारलं, पिग्मीवाल्यांचं काय? एक गृहस्थ, मोठे व्यापारी, माणूस वाईट नव्हे, देवळाच्या कामाला सढळ हातानं देणारे, ते म्हणाले, "पिग्मीवाल्यांचं काय, दहा-दहा रुपये तर होते." आणि बैठक पुढं चालू झाली. कुणी मागं वळूनही बघितलं नाही. त्यांचे चार लाख अडकले होते. पण त्यांच्या घरावरचं एक कौल हललं नव्हतं.

त्या गृहस्थांना लुटलं कुणी? आधी साडेचौदा टक्क्यांनी. बँकेतनं पाच-सहा टक्के मिळत होते, ते त्यांना पुरेनात. पुरेनात म्हणजे पोटाला नव्हे, मनाला. आणि त्यांच्यासारख्या पाच-पन्नास जणांच्या या हव्यासाला पुरं पडावं म्हणून संस्थेनं वाट्टेल त्याला, वाट्टेल त्या दरानं कर्जं दिली. ती बुडाली. पहिला बळी गेला तो कोपऱ्यावरच्या दहा रुपयांचा.

आता एक माहिती सांगतो, ही नीट ऐका. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, मुद्दल आणि व्याज धरून. आधी ते एक लाख होतं, फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख झालं. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पण पतसंस्थेला नाही, सौहार्द सोसायटीलाही नाही, तीही सहकारी संस्थाच, बँक नव्हे. पुन्हा सांगतो. बँकेला विमा आहे, पतसंस्थेला नाही. दारावर पाटी कितीही चकचकीत असो, आत एसी असो, ती बँक आहे की सोसायटी आहे हे आधी विचारा. आणि तुमच्या घरी भांडी घासायला, झाडायला येणाऱ्या बाईची पिग्मी कुठं आहे, तेही तिला विचारा. तुम्हाला वाचता येतं, तिला येत नाही.

कर्जाची बाजूही तीच. बँक दारात उभं करत नाही, मग बायका मायक्रोफायनान्सवाल्यांकडनं गटाचं कर्ज उचलतात, एकाचं फेडायला दुसऱ्याचं. वसुलीवाल्यांच्या जाचाविरुद्ध आपल्या कर्नाटक राज्यात 2025 साली कायदा आला, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चांगलं झालं. पण त्या जाचाचे सगळे प्रकार गल्लीतल्या चांगल्या घरच्या लोकांनी गॅलरीत उभं राहून बघितलेले असतात.

मावशीचं राहिलं. त्या पावसाळ्याच्या आधी तिनं वासे बदलले, कौलं अर्धीच झाली. मग एक दिवस पुन्हा आली. "आता पिग्मी कुठं लावू ओ?" मी तिला कॅम्पातल्या मोठ्या पोस्टात नेलं, आवर्ती ठेवीचं खातं काढून दिलं. दोन महिने तिनं भरलं, तिसऱ्या महिन्यात थांबली. महिनाअखेरपर्यंत तीनशे रुपये हातात राहीनात, आणि पोस्ट उघडं असतं तेव्हा ही कामावर. दोन आण्यांची ती उडुपीची अक्कल मला तेव्हा पुन्हा आठवली. दारात कुणीतरी गेलं पाहिजे, रोज, संध्याकाळीच.

बायकोनं पोस्टाची महिला एजन्सी घेतली. मला विचारलंही नाही. खासबाग आणि वडगावात ती अजून चालत जाते, रोजचे दहा-वीस घेते आणि महिना संपला की पोस्टात भरते. आमच्या स्वयंपाकघरात खिडकीला एक दोरी बांधलेली आहे. रात्री ती त्यावर ओल्या नोटा चिमटे लावून वाळत घालते.

नमस्कार.