मूळपुरुषाचं मूळ

नमस्कार श्रोतेहो.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मला ही म्हण कधी पटली नाही. शोधावं. जरूर शोधावं. फक्त जे हाती लागेल ते पदरात घ्यायची तयारी ठेवावी.

आज ज्याचं कूळ शोधायचं आहे तो अमेरिकेतला अगदी सुरुवातीच्या काळातला एक पाद्री. आणि या गोष्टीत एक मूळही आहे बरं का. खरोखरचं, झाडाचं मूळ. सफरचंदाच्या झाडाचं. तिथे पोचायची मला घाई झाली आहे, पण आधी माणूस कोण ते सांगते.

त्याचं नाव रॉजर विल्यम्स. लंडनमध्ये वाढला, केंब्रिजला शिकला, 1627 साली पदवी घेतली. 1630 च्या डिसेंबरात 'लायन' नावाच्या जहाजानं ब्रिस्टलहून निघाला आणि फेब्रुवारीत बोस्टनला पोचला. तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती मंडळींशी त्याचं फार दिवस पटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की इथल्या मूळ रहिवाशांना न विचारता त्यांची जमीन सनद करून वाटायचा इंग्लंडच्या राजाला काही अधिकार नाही. दुसरं असं, की माणसाच्या श्रद्धेवर सरकारनं दंडुका उगारू नये. झालं! 1635 च्या ऑक्टोबरात हद्दपारीचा हुकूम निघाला आणि जानेवारीत, भर बर्फात, त्यानं घर सोडलं. मूळ रहिवाशांपैकी वाम्पानोआग लोकांनी हिवाळाभर आसरा दिला, नॅरागॅन्सेट लोकांच्या प्रमुखांनी जागा दिली, आणि 1636 मध्ये त्यानं गाव वसवलं. गावाचं नाव प्रॉव्हिडन्स. आजच्या ऱ्होड आयलंड राज्याची ती राजधानी.

1644 साली त्यानं लिहिलं होतं, की चर्च ही बाग आणि जग हे रान, आणि दोहोंच्या मधे कुंपण हवं. ही बाग ध्यानात ठेवा.

आता प्रश्न असा, की हा कुणाचा मुलगा? कुठल्या घरातला? जवळजवळ अडीचशे वर्षं कुणाला धड सांगता येत नव्हतं. तो ज्या सेंट सेपल्कर चर्चच्या वस्तीत वाढला, तिथली जन्माची दप्तरं 1666 च्या लंडनच्या मोठ्या आगीत जळून गेली. वय त्याचं त्यालाही नेमकं सांगता येत नसावं. 1632 च्या एका पत्रात लिहितो, मी पंचविसापेक्षा तिशीच्या जवळ आहे. 1679 मध्ये लिहितो, ऐंशीच्या जवळ आलो. दोन्हींचा मेळ बसवायला गेलं तर तीन-चार वर्षांचा फरक पडतो. आपल्या आज्या-पणज्यांची वयं अशीच नव्हती का? म्हणून अभ्यासक जन्म सुमारे 1603 धरतात. सुमारे.

शिवाय आडनाव विल्यम्स. म्हणजे विल्यमचा. अशी घरं वेल्समध्ये उदंड. मग काय, एकोणिसाव्या शतकात कुणी त्याला वेल्सचा ठरवला, तर कुणी थेट राजाला हटवून इंग्लंडचा कारभार हाती घेणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या नात्यात नेऊन बसवला, कारण क्रॉमवेलच्या घराण्याचं आधीचं आडनाव विल्यम्स होतं. इथे मला एक बोलायचंच आहे. वंशावळ करायला बसलेल्या माणसाला मोठा पूर्वज हवा असतो, आणि हवा असला की तो सापडतो. आपल्याकडचे कुलवृत्तांत उघडून बघा. मूळपुरुष कुणाच्या तरी दरबारी असतो. दुसऱ्याच्या शेतात राबणारा मूळपुरुष फारसा कुठल्या पानावर दिसत नाही. तो होताच ना? त्याच्या राबण्यावरच तर घर उभं राहिलं. मला तोच पूर्वज अधिक प्रिय आहे.

असो. आता सफरचंदाकडे येऊ.

रॉजर विल्यम्स 1683 च्या सुरुवातीला वारला. नेमका दिवस ठाऊक नाही. राहत्या जागेच्या मागे, स्वतःच्याच जमिनीत त्याला पुरलं. पुढे थडग्याची खूण राहिली नाही. पिढ्या गेल्या, जमिनीचे मालक बदलले. जवळ एक सफरचंदाचं झाड वाढलं, फळं धरायला लागलं. सफरचंदांबद्दल आणखी एक सांगू? त्या मुलखात विल्यम्सच्याही आधी येऊन राहिलेला विल्यम ब्लॅक्सटन नावाचा दुसरा एक पाद्री होता. त्याला बागेचा भारी नाद. तो प्रॉव्हिडन्सला प्रवचनाला यायचा तेव्हा पोरांना आपल्या बागेतली सफरचंदं वाटायचा, असं तिथे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पोरांना फळ देणाऱ्या प्रवचनकाराचं प्रवचन पोरं ऐकणारच, नाही का?

तर साल 1860, महिना मार्च. विल्यम्सला जाऊन पावणेदोनशेहून जास्त वर्षं झालेली. प्रॉव्हिडन्समध्ये झकराया अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते. गिरणीमालक, यंत्रांत डोकं चालणारे आणि गावाच्या इतिहासाचं वेड असलेले. त्यांच्या मनानं घेतलं, की ज्यानं हे गाव वसवलं त्याची हाडं अशी बेवारस पडू नयेत. ती काढावीत, मानानं ठेवावीत, वर स्मारक उभारावं. जागा हुडकली, माणसं लावली, खणायला सुरुवात झाली.

वरची माती निघाली. खाली काळसर, तुपकट माती लागली. गंजलेले खिळे मिळाले. कुजलेल्या लाकडाचे तुकडे मिळाले. म्हणजे इथे पेटी होती, माणूस होता, हे नक्की. पण सांगाडा? सांगाडा नाही. शेजारच्या खड्ड्यात वेणी घातलेल्या केसांची एक बट तेवढी मिळाली. ती बायकोची, मेरीची, असावी असं त्यांनी मानलं. एवढीशी बट. बाकी सगळं मातीला मिळालेलं.

आणि मग ते मूळ दिसलं.

नीट ऐका, मी सावकाश सांगते, कारण हे चित्र तुम्हाला मनात काढायचं आहे. सफरचंदाच्या झाडाचं एक मूळ जमिनीतून चालत आलं होतं. जिथे मृताचं डोकं असायला हवं, तिथून ते थडग्यात शिरलं. तिथून पाठीच्या कण्याच्या जागेनं सरळ खाली गेलं. कमरेपाशी आलं आणि त्याला दोन फाटे फुटले. एक फाटा एका पायाच्या जागेनं, दुसरा दुसऱ्या पायाच्या. गुडघे असायचे तिथे मूळ वाकलं होतं. आणि शेवटी, पावलं जिथे असतात तिथे, ते वर वळलं होतं. डोकं, कणा, कंबर, दोन पाय, गुडघे, पावलं. माणूस तिथे नव्हता, पण माणसाचा आकार होता.

झाडाला जे हवं ते झाड शोधत जातं. हाडांतला चुना, स्फुरद, ओल. जिथे मऊ, सकस माती, तिकडे मूळ. आपण कुंडीत शेणखत घालतो त्याच्यामागे हेच. त्या मुळानं कणाकणानं तो माणूस वर ओढून घेतला आणि फांद्यांना दिला. फांद्यांनी फळांना दिला. आणि फळं? फळं माणसांनी तोडून खाल्ली. दर वर्षी. कुणाला काही कल्पना नसताना. म्हणून त्या गावात आजही विचारतात, रॉजर विल्यम्सला कुणी खाल्लं?

श्रोतेहो, आपल्या भाषेत मूळपुरुष असा शब्द आहे. वंशावळीच्या अगदी वर, जिथून पुढच्या सगळ्या फांद्या निघतात, तिथे बसलेला माणूस. हा शब्द लहानपणापासून मी कितीदा ऐकला, पण त्यातलं मूळ मला दिसलं ते या गोष्टीत. गावाचा मूळपुरुष शोधायला गेले आणि पुरुषाच्या जागी मूळच मिळालं!

अ‍ॅलन यांनी ते मूळ फेकून दिलं नाही, जपलं. मिळालेली माती एका वंशजाच्या कबरीत ठेवली गेली. पुढे 1936 मध्ये, गावाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, ती ब्राँझच्या पेटीत घालून टेकडीवरच्या प्रॉस्पेक्ट टेरेस बागेत नेली. तिथे आता त्याचा उंच दगडी पुतळा आहे, शहराकडे तोंड केलेला. आणि मूळ ठेवलंय जॉन ब्राऊन हाऊस या संग्रहालयात.

मी ते पाहिलं आहे. लेकीकडे बोस्टनला गेले होते, तिथून रेल्वेनं तासाभराचा रस्ता. तपकिरी, वाळकं मूळ, फार जाड नाही. पण गुडघ्याचा तो बाक पाहिला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. लेक म्हणाली, आई, अगं ते झाडाचं मूळ आहे. म्हटलं, माहीत आहे मला.

ते घर ज्या जॉन ब्राऊनचं, तो गुलामांचा व्यापार करणारा होता. आणि खुद्द रॉजर विल्यम्स? ज्या लोकांची भाषा तो शिकला, ज्यांच्या भाषेवर त्यानं 1643 मध्ये पुस्तक लिहिलं, त्याच लोकांतल्या युद्धकैद्यांना 1676 मध्ये गुलामीत वाटून द्यायच्या कामात तो सामील होता. मूळ रहिवासी आणि इंग्रज वसाहतवाले यांच्यातल्या त्याच युद्धात प्रॉव्हिडन्स जळलं होतं आणि त्याचं स्वतःचं घरही. हे मी मुद्दाम सांगते आहे. पूर्वजाला घासून-पुसून मखरात बसवू नये. वंशावळीत जे लिहायचं ते सगळं लिहावं.

आता वेळ थोडा राहिला आणि खरं कूळ सांगायचं राहिलंय. मुळानं कूळ सांगितलं नाही, हे लक्षात घ्या. त्या थडग्यावर नाव नव्हतं, आत हाडं नव्हती. मुळाला आकार होता, पण आईबापांचं नाव नव्हतं. ते नाव मिळालं कागदावर. आणि कागद होता आईचा.

हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स नावाचा, बोस्टनजवळच्या सेलम गावचा संशोधक. हद्दपारीआधी ज्या सेलममध्ये विल्यम्सनं प्रवचनं केली, तेच हे गाव. 1883 पासून तो लंडनमध्ये बसून जुनी मृत्युपत्रं वाचत होता. वाचायची, उतरवायची, पुढचं घ्यायचं. हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचं नाव आहे त्या जॉन हार्वर्डचं घर त्यानंच शोधलं, आणि तिथेही आईचं मृत्युपत्र कामाला आलं. 1889 मध्ये त्यानं छापलं अ‍ॅलिस विल्यम्स या विधवेचं मृत्युपत्र, 1634 सालचं. त्यात ती म्हणते, माझा मुलगा रॉजर विल्यम्स, जो आता समुद्रापार आहे, त्याला वर्षाला दहा पौंड द्यावेत, वीस वर्षं. आणि तो मधेच गेला तर उरलेले त्याच्या बायकोला आणि मुलीला.

बायको आणि मुलगी. एकच मुलगी. आता पडताळा घ्या. रॉजरची थोरली मेरी 1633 ची. दुसरी फ्रीबॉर्न 1635 ची. मृत्युपत्र 1634 चं. त्या साली त्याला एकच लेक होती. कुलुपात किल्ली फिरावी तसं जुळलं.

पुन्हा सांगते म्हणजे लक्षात राहील. बापाचं नाव जेम्स, लंडनचा कापडवाल्या शिंप्यांच्या संघातला व्यापारी. आईचं नाव अ‍ॅलिस, माहेरची पेंबर्टन. ना वेल्स, ना क्रॉमवेल. मुलं चार: सिड्रॅक, रॉजर, कॅथरीन, रॉबर्ट. त्यातला रॉबर्टही पुढे ऱ्होड आयलंडला आला आणि शाळामास्तर झाला. बाप जेम्स, आई अ‍ॅलिस.

जुन्या तारखा पाहताना एक सांभाळा. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, अगदी आपल्या पाडव्याच्या सुमाराला. त्यामुळे विल्यम्सचं जहाज आलं तो फेब्रुवारी त्यांच्या वहीत 1630 चा, आणि आपल्या हिशेबानं 1631 चा. एवढ्यावरून पुष्कळ वंशावळी चुकल्या आहेत.

आणि बायकांची नावं! रॉजरच्या बायकोचं माहेरचं आडनाव बर्नार्ड. पण जुन्या वंशावळींत ते वॉर्नर्ड असं चुकीचं वाचलेलं कितीतरी वर्षं तसंच उतरत आलं. कुणी थांबून विचारलं नाही. शेवटी इसेक्समधल्या हाय लेव्हर गावच्या चर्चच्या वहीत 15 डिसेंबर 1629 ची लग्नाची नोंद मिळाली, तेव्हा ते उलगडलं. माझं सांगणं आहे, घरची वंशावळ लिहिणार असाल तर लेकींची आणि सुनांची नावं आधी लिहा. माहेरच्या गावासकट. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर, याच आठवड्यात, विचारून घ्या.

अ‍ॅलिसबाई मृत्युपत्र करून काही महिन्यांतच गेल्या. मुलाला हद्दपार केल्याचं त्यांना कळलंच नाही, त्याआधीच त्या गेल्या. बर्फ, नवं गाव, सफरचंदाचं झाड, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की मुलगा समुद्रापार आहे आणि त्याला पैसे लागतील.

लंडनमधलं सेंट सेपल्कर चर्च आगीनंतर पुन्हा बांधलं गेलं आणि आजही उभं आहे. मला अजून तिथे जायचा योग आलेला नाही. तुमच्यापैकी कुणाची लेक, कुणाचा मुलगा तिकडे असेल आणि तुम्ही जाल, तर दारात क्षणभर उभे राहा, अ‍ॅलिसबाईंसाठी.

नमस्कार.